न केलेल्या कर्माचे फळ

भारतीय दर्शनांच्या वादात प्रतिपक्षाला गप्प करण्याचा एक ठरलेला डाव असे. तुमचे मत मानले तर कृतनाश आणि अकृताभ्यागम हे दोन दोष येतात, एवढे दाखवले की पुरे. केलेले कर्म फळ न देताच विरून जाणे हा कृतनाश. न केलेल्या कर्माचे फळ पदरी पडणे हा अकृताभ्यागम. स्थिर आत्मा न मानणाऱ्या बौद्धांना हे ऐकवले गेले आणि देहाबरोबर सगळे संपते म्हणणाऱ्या चार्वाकांनाही ऐकवले गेले. पण हे मुळात दोष का मानायचे, असे फारसे कोणी विचारले नाही. चार्वाक वगळले तर वैदिक, जैन, बौद्ध सगळ्यांचे यावर एकमत होते, की करणारा एक आणि भरणारा दुसरा अशी व्यवस्था विश्वात असूच शकत नाही. म्हणून जे मत तशी व्यवस्था मानायला भाग पाडते ते खोटे. आत्म्याबद्दल, ईश्वराबद्दल, मोक्षाबद्दल हाडवैर असलेल्या पंथांनी हे एक गृहीत मात्र बिनतक्रार वाटून घेतले. या गृहीताला आज जो तडा गेला आहे तो कुठल्या ग्रंथाने पाडलेला नाही. तो घरातल्या धुळीत सापडतो.

त्या धुळीची गोष्ट आगीपासून सुरू होते, आणि कापसाच्या मुलखाला आगीची भीती समजावून सांगावी लागत नाही. आदिलाबादचा कापूस बाजार मोठ्या बाजारांत गणला जातो, आणि जिनिंगच्या आवारात एक ठिणगी पडली तर काय होते हे हमालापासून अडत्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असते. कापड पेटू नये म्हणून त्याला काहीतरी लावावे, ही कल्पनाही जुनीच. गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1821 मध्ये नाटकगृहांच्या पडद्यांसाठी अमोनियमची संयुगे आणि टाकणखार यांचे मिश्रण सुचवले होते. खरी अडचण विसाव्या शतकात सुरू झाली, घरे प्लास्टिकने आणि फोमने भरू लागली तेव्हा. खनिज तेलापासून बनणारे हे पदार्थ भराभर पेटतात, म्हणून त्यांत ब्रोमीनची संयुगे मिसळायची पद्धत पडली. टीव्हीची पाठ, संगणकाचे खोके, सोफ्याचा आणि मोटारीच्या सीटचा फोम, वायरींची वेष्टने, सगळीकडे ती गेली. उष्णता लागली की ब्रोमीन सुटा होतो आणि ज्वाळेत चाललेली रासायनिक साखळी तोडतो. युक्ती नामी आहे, यात शंका नाही. पण यांतली सर्वांत जास्त वापरली गेलेली काही संयुगे, ज्यांना संक्षेपाने पीबीडीई म्हणतात, प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. नुसती मिसळलेली असतात. त्यामुळे ती वर्षानुवर्षे बाहेर पडत राहतात, धुळीला चिकटतात, आणि जमिनीवर रांगून तोच हात तोंडात घालणाऱ्या बाळाच्या पोटात मोठ्यांपेक्षा अधिक जातात. ती पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात; म्हणून शरीरात साठतात, आणि एक जीव दुसऱ्याला खातो त्या प्रत्येक पायरीवर त्यांचे प्रमाण वाढते. त्यांचा सांगाडा थायरॉइडच्या संप्रेरकाशी मिळताजुळता आहे: तिथे आयोडीन, इथे ब्रोमीन. गर्भातल्या मेंदूची घडण ज्या संप्रेरकावर अवलंबून असते, नेमक्या त्याच्याच कामात ती ढवळाढवळ करू शकतात.

स्वीडनमध्ये मातांचे साठवून ठेवलेले दूध तपासले गेले, तेव्हा 1972 ते 1997 या काळात त्यातल्या पीबीडीईचे प्रमाण दर पाच वर्षांनी साधारण दुप्पट होत गेल्याचे आढळले. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या स्पर्म व्हेलच्या चरबीत हीच रसायने सापडल्याचे 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. हे प्राणी खोल समुद्रात उदरनिर्वाह करतात. म्हणजे जिथे सोफा नाही, टीव्ही नाही, माणूसच नाही, तिथवर हे द्रव्य पोचले होते. आपल्याकडे मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथल्या मातांच्या दुधाचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही ब्रोमीनयुक्त अग्निरोधके होती, आणि संशयाचे बोट शहराच्या कचरा डेपोकडे गेले. आदिलाबादमध्ये सोफे कमी आणि खाटा जास्त असतील, पण जुना टीव्ही, बिघडलेला चार्जर, फाटकी सीट आणि वायरींची भेंडोळी बेला, जैनथ, इंद्रवेल्लीकडच्या गावांतूनही भंगारात निघतेच. तांबे काढण्यासाठी वायर जाळली की धुरात डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात, आणि उरलेली राख पावसाबरोबर नाल्याला लागते. इथले नाले पैनगंगेला मिळतात, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला. जिल्ह्याची आणि राज्याची हद्द त्या पाण्याला ठाऊक नसते.

आता तो जुना दोष पुन्हा समोर ठेवू. 1973 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एका कारखान्याकडून गफलत झाली. गुरांच्या खाद्यात घालायच्या पूरक द्रव्याऐवजी ब्रोमीनयुक्त अग्निरोधकाची पोती पशुखाद्य बनवणाऱ्यांकडे गेली. दोन्ही मालांची नावे सारखी होती, पोती सारखी होती. प्रकार उघडकीला येईपर्यंत दूध, मांस, अंडी लोकांच्या पोटात गेली होती. सुमारे 30 हजार गुरे आणि 15 लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पुढे संशोधकांनी त्या काळातल्या मातांच्या मुलींचा मागोवा घेतला, तेव्हा गर्भात असताना आणि अंगावरच्या दुधातून ज्यांना हे द्रव्य अधिक मिळाले होते त्यांना पाळी लवकर आल्याचे दिसले. पोत्यांची अदलाबदल झाली तेव्हा यांतल्या कित्येक मुली जन्मलेल्याही नव्हत्या. कर्म एकाचे, फळ दुसरीचे, आणि मध्ये आईचे दूध. जुन्या दर्शनकारांना जे तर्कदृष्ट्या अशक्य वाटत होते ते अमेरिकेतल्या एका राज्यात, दप्तरी नोंदींसह, घडून गेले.

श्रद्धावान माणूस इथे लगेच म्हणेल, की हा दोष येतच नाही. त्या मुलीचे पूर्वजन्मीचे कर्म असणार. या उत्तराला तर्काने खोडता येत नाही हे मान्य केले पाहिजे. पण ज्या उत्तराला काहीच खोडू शकत नाही ते काही समजावूनही देत नाही. भूकंप झाला तरी तेच, पोती बदलली तरी तेच. शिवाय हे उत्तर एक वाईट काम करते: नजर करणाऱ्यावरून उठवून भोगणाऱ्यावर नेते. मुलीच्या गतजन्माचा शोध सुरू झाला, की पोत्यांवरची नावे सारखी का होती हा प्रश्न मागे पडतो. आपल्या परंपरेने स्वतःच या सोयीस्कर उत्तराला एके ठिकाणी अडवले आहे. महाभारतातल्या मांडव्य ऋषीला चोरीच्या खोट्या आळाने सुळावर चढवले गेले. पुढे त्याने धर्माला जाब विचारला, तेव्हा धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांना गवताच्या काड्या टोचल्या होत्यास, त्याचे हे फळ. कर्मसिद्धान्ताच्या हिशेबाने उत्तर चोख होते. मांडव्याने ते मानले नाही. एवढ्याशा, तेही अजाण वयातल्या कृत्याला एवढी शिक्षा हा अन्याय आहे, असे म्हणून त्याने खुद्द धर्मालाच शाप दिला, आणि चौदा वर्षांच्या आतल्या कृत्याला पाप लागणार नाही अशी मर्यादा घालून दिली. धर्म विदुर होऊन जन्माला आला तो या शापामुळे. कथा सांगताना आपण विदुरापाशी थांबतो, पण तिच्यातले मोठे धाडस मर्यादा घालण्यात आहे: भोगणाऱ्याला न पटणारा हिशेब, तो धर्माने मांडला म्हणून, खरा ठरत नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे, की कर्माचा सिद्धान्त दुःखी माणसाच्या दुःखाचे स्पष्टीकरण म्हणून वापरणे सोडून द्यावे, आणि करणाऱ्याच्या हाताला लगाम म्हणून तो ठेवावा. जो करतो तो भरतो, हे जगाचे वर्णन नाही. तसे व्हायला हवे, ही मागणी आहे. वर्णन म्हणून घेतले तर ब्रोमीनने ते खोटे पाडले आहे. मागणी म्हणून घेतले तर ते आजही उभे आहे, किंबहुना आजच त्याची खरी गरज आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप हेतूचा आहे. अग्निरोधके बनवणाऱ्यांना कोणाला मारायचे नव्हते, वाचवायचेच होते. मग पाप कुठले? मज्झिम निकायातल्या उपालि सुत्तात हाच वाद आहे. निगंठांच्या, म्हणजे जैनांच्या मते देहाने घडलेले कृत्य सर्वांत भारी. बुद्धाच्या मते मनाचे. बुद्धाची बाजू आपल्याला आज सहज पटते, कारण आपली न्यायालयेही हेतू पाहतात. पण बौद्ध परंपरा तिथेच थांबलेली नाही. मिलिंदपञ्हात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला सांगतो, की नकळत पाप करणाऱ्याला अधिक दोष लागतो. तापलेला लोखंडी गोळा ठाऊक नसताना पकडणाऱ्याचा हात ठाऊक असणाऱ्यापेक्षा जास्त भाजतो. हे ऐकायला कठोर आहे, आणि मला वाटते नागसेन इथे एक गोष्ट गाळतो: आपल्या बाबतीत गोळा एकाने पकडला आणि हात दुसऱ्याचा भाजला. याहून नेमके उत्तर जैन आचार्यांकडे आहे. त्यांनी हिंसेची व्याख्याच प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, जोडली. काळजीपूर्वक पाय टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली जीव मेला तरी त्याला बंध नाही. बेफिकीरपणे चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव मेला नाही तरी तो हिंसकच. उमास्वातींपासून अमृतचंद्रांपर्यंत हा धागा सलग आहे. यात हेतूलाही जागा आहे आणि परिणामालाही, पण निकाल दोघांपैकी कशावरच लागत नाही. निकाल लागतो तो पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहिले की नाही यावर.

आणि खाली पाहिले गेले की नाही, हे तारखांवरून तपासता येते. 1977 मध्ये आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत वापरल्या जाणाऱ्या ट्रिस नावाच्या अग्निरोधकामुळे जनुकांना इजा होते हे दाखवले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत अशा कपड्यांवर बंदी आली. त्या वर्षापर्यंत अज्ञानाची सबब चालली असती. पण त्याचे भावंड असलेले क्लोरीनयुक्त ट्रिस पुढे सोफ्यांच्या फोममध्ये येऊन बसले. पीबीडीईचा सर्रास वापर झाला तो मिशिगनच्या नंतर. आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने त्यांतल्या काहींना 2009 मध्ये, एचबीसीडी या दुसऱ्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधकाला 2013 मध्ये आणि पीबीडीईपैकीच असलेल्या डेकाबीडीईला 2017 मध्ये प्रतिबंधित यादीत टाकले. भारताने तो करार 2006 मध्ये स्वीकारला आणि 2018 च्या नियमांनी यांतल्या अनेकांच्या उत्पादनाला आणि वापराला मनाई केली. एक रसायन यादीत जाईपर्यंत दुसरे त्याच्या जागी बाजारात आलेले असते. पहिल्या चुकीला प्रमाद म्हणताना हात थोडा आखडता घेता येईल. तिसऱ्या-चौथ्या वेळी, तीच घडण आणि तोच धोका असताना, दुसरा शब्द उरत नाही. शिकागो ट्रिब्यूनने 2012 मध्ये उघड केले, की या उद्योगाच्या पैशावर चालणारी एक संस्था अग्निसुरक्षेच्या नावाने कायदेमंडळांसमोर उभी राहत होती. तिथे तर बेसावधपणाही नव्हता, पूर्ण सावधपणा होता.

दुसरा आक्षेप हलका घेऊ नये. आग खरोखर माणसे मारते. स्टोव्हच्या भडक्यात, शॉर्टसर्किटमध्ये, कापसाच्या गंजीत गेलेले जीव हे कुठल्याही संप्रेरकाच्या चढउतारापेक्षा डोळ्यांना दिसणारे, आजचे मरण आहे. उद्याच्या संभाव्य अपायासाठी आजचा जीव धोक्यात घालणे ही अहिंसा नव्हे. मी हे मानतो, आणि म्हणूनच सगळी अग्निरोधके सारखी मोजू नयेत असेही म्हणतो. सर्किट बोर्डात वापरले जाणारे एक ब्रोमीन संयुग राळेशी रासायनिक बंधाने जोडले जाते. ते सोफ्यात नुसते मिसळलेल्या पावडरीइतके सुटत नाही, आणि तिथली गरजही खरी आहे. पण सोफ्याच्या फोममध्ये घातलेल्या प्रमाणात या रसायनांनी किती जीव वाचवले? आगीत माणसे बहुधा ज्वाळेने नाही, धुराने मरतात, आणि ब्रोमीनयुक्त फोम जळताना धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतात. कॅलिफोर्नियाच्या ज्या 1975 च्या मानकामुळे अमेरिकेतल्या फोममध्ये ही रसायने शिरली, ते मानक खुद्द त्या राज्याने 2013 मध्ये बदलले; आता तिथे कापड धुमसत्या सिगारेटला टिकते की नाही हे पाहतात, आणि ती चाचणी या रसायनांशिवाय पार करता येते. थोडक्यात, दोन जिवांतून एक निवडायचा असा धर्मसंकटाचा प्रसंग इथे फार थोड्या ठिकाणी होता. जिथे नव्हता तिथेही तो असल्याचा देखावा झाला.

तिसरा आक्षेप सर्वांत गुळमुळीत आणि म्हणून सर्वांत चिवट: मग दोषी कोण? कारखाना म्हणेल मी मानक पाळले. दुकानदार म्हणेल मी आले ते विकले. आपण टीव्ही घेतला, भंगारात दिला. भंगारवाल्याने वायर जाळली. प्रत्येकाचा वाटा इतका बारीक, की कोणाच्याच खात्यावर पाप म्हणावे एवढे काही जमा होत नाही. एकेका जीवाचा वेगळा हिशेब ठेवणारा कर्मविचार इथे खरोखर अपुरा पडतो. आदिलाबादच्या मातीत मात्र दुसऱ्या तऱ्हेचाही विचार आहे. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते; मेश्राम या गोंड कुळाची माणसे त्याआधी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, त्या पाण्याने देवाला अभिषेक होतो, आणि कुळात नव्या आलेल्या सुनांची देवाशी भेट घातली जाते. राजगोंडांमध्ये पेर्सा पेन हा कुळाचा देव, आणि मेलेली माणसे त्याच्याशी जाऊन मिळतात अशी श्रद्धा. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फने 1940 च्या दशकात इथे राहून याची तपशीलवार नोंद केली आहे. इथे देवापुढे उभे राहते ते कूळ: गेलेले, असलेले आणि सुनांच्या पोटी यायचे असलेले, सगळे एकत्र. गोंडांनी रसायनांचे तत्त्वज्ञान सांगितले असा माझा दावा नाही. तसे म्हणणे त्यांच्यावरही लादणे होईल. पण जबाबदारीचे माप एका देहापुरते आणि एका आयुष्यापुरते नसते, हे मानण्याची सवय या प्रदेशाला आहे, आणि एका पिढीतून दुसरीत उतरणाऱ्या द्रव्याला पिढ्यांचेच माप लागते.

कुळाचे माप घेतले म्हणून दोष सर्वांवर सारखा पसरतो, असेही नाही. ज्याला जितके ठाऊक आणि ज्याच्या हातात जितके थांबवणे, त्याच्यावर तितका. या मापाने रसायन बनवणारा सर्वांत वर येतो, मानक लिहिणारा आणि माल आयात करणारा त्याच्या खाली, आपण ग्राहक बरेच खाली, आणि वायर जाळणारा भंगारवाला शेवटी. तो तर पहिला भोगणाराही आहे. धूर त्याच्याच घरात शिरतो. आपल्याकडे पापाचा बोजा उतारावरून वाहत जातो आणि सर्वांत गरिबाच्या दारात साचतो, हे जातीच्या इतिहासाने पुरेसे शिकवले आहे. प्रदूषणाच्या बाबतीत तेच पुन्हा घडू द्यायचे नसेल तर हा क्रम उलटा धरावा लागतो.

कायदा आहेच, मग धर्माला मध्ये कशाला आणायचे, असे विवेकी वाचक विचारील. कायदा मला हवाच आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुना माल शास्त्रोक्त पद्धतीने निकालात काढण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली, हे योग्यच झाले. पण कायदा नावांची यादी करून चालतो, आणि यादीबाहेरच्या नव्या नावाला तो पुरावा येईपर्यंत वाट मोकळी ठेवतो. प्रमाद टाळण्याचा आग्रह यादीची वाट पाहत नाही. न पाहता पाऊल टाकणे हाच तिथे गुन्हा. शिवाय स्वीडनमध्ये ही रसायने मागे घेतल्यावर मातांच्या दुधातले त्यांचे प्रमाण 1997 नंतर उतरू लागले. म्हणजे फळ अटळ नव्हते; करणाऱ्याने हात आवरला की भोगणाऱ्याचे भोग कमी होतात. प्रारब्ध म्हणून ज्याच्यापुढे मान तुकवायची ते हे नव्हे.

केसलापूरच्या जत्रेत 1940 च्या दशकापासून दरबार भरतो; अधिकारी येतात आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. आदिलाबादच्या मराठी, गोंडी, तेलुगू, कोलामी बोलणाऱ्या सर्व वाचकांना विनंती अशी, की येत्या पौषात त्या दरबारात जमिनीच्या आणि रस्त्याच्या अर्जांबरोबर आणखी एक अर्ज द्या: या जिल्ह्यातले जुने टीव्ही, वायर आणि फोम कुठल्या केंद्रात घेतले जातात, उत्पादकांनी त्यासाठी इथे काय केले आहे, आणि वायर न जाळता तिचा दाम भंगारवाल्याला कोण देणार, याचे उत्तर लेखी मिळावे.